बिनतपासणीचं शहाळं

हार्ट अटॅकमधनं वाचलेल्या आकारामला डॉक्टरांनी आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मटण कायमचं बंद केलं. कोल्हापूरच्या माणसाला हा दुसरा अटॅकच होता.

बायको इंदुबाई कॉटशेजारी स्टूल टाकून पहाऱ्याला बसली. सकाळी आंघोळीला घरी जायची, तेवढंच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी ती उघडून बघायची. पण आजाऱ्याला शहाळं आणायची रीतच, त्यामुळं दोस्त हिंदुराव रोज दुपारी स्ट्रॉ खोचलेलं शहाळं आणायचा ते तेवढं बिनतपासणीचं सुटायचं. आकाराम डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचा. आत पांढरा रस्सा असायचा.

डिस्चार्ज मिळाल्यावर मात्र त्याला राहवेना. रिक्षात बसल्या बसल्या तो म्हणाला, "तू पिशव्या तपासत बसलीस, आन् मी तुझ्या म्होरं सहा दिवस मटणाचा पांढरा रस्सा पिलो की! हिंदुरावच्या बायकोनं केलेला. खरं सांगू? तुझ्या हाताला तसली चव न्हाय."

इंदुबाईनं गोळ्यांची पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "पावणं, जरा मंडईवरनं घ्या." मग नवऱ्याकडं वळली.

 

"ती शहाळी रोज सकाळी मीच भरून हिंदुराव भावजींकडं दिलीती. दुधी भोपळ्याचा रस्सा हाय त्यो. तुमाला एवढा आवडलाय, तर आता जन्मभर त्योच मिळंल."