उन्हातले टँकर

दूध संघाच्या फाटकाबाहेर उन्हात टँकर खोळंबले होते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद होत नव्हती आणि नोंदीशिवाय संघातल्या साठवण टाकीचा व्हॉल्व्ह उघडत नव्हता. ते बसवायला आलेली वैदेही सकाळपासून पुण्याच्या ऑफिसला फोन लावत होती. “बघतोय,” एवढंच उत्तर येई.

“मॅडम, जुनंच सुरू करा की,” व्यवस्थापक निंबाळकर म्हणाले.

“ते कालच काढलं, सर. मी नको म्हणत होते, पण आमच्या साहेबांनी ऐकलं नाही.”

दुपारी पहिल्या टँकरचं दूध नासलं. ड्रायव्हरने ते फाटकाशेजारच्या ओढ्यात सोडलं. मग हात धुऊन तो वैदेहीपाशी आला.

“ताई, सकाळधरनं तुमी काय खाल्लं न्हाई,” म्हणत त्याने आपला डबा पुढे केला.

तिने भाकरीचा तुकडा हातात घेतला, तेवढ्यात दुसऱ्या टँकरचाही नळ ओढ्यावर उघडला.