इंदूरचं जोडपं

स्कार्फवाली पोरगी पुन्हा त्यांच्या मागच्याच सीटवर येऊन बसली, तेव्हा मायानं गोपालचा हात इतका दाबला की त्याची बोटं पांढरी पडली.

"अवो, थे पाहून राहिली आपल्याकडं."

"हिंदीत बोल," गोपाल ओठ न हलवता म्हणाला.

निघतानाच त्यांचं ठरलं होतं, चारचौघांत वऱ्हाडी काढायची नाही. त्यामुळे जैसलमेरपासून दोघं जवळजवळ मुकेच होते. सहलीच्या बसमधल्या लोकांनी ताडलं, हे बोलत नाहीत, म्हणजे लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसतात. प्रत्यक्षात आठवडाही झाला नव्हता.

लग्न अकोल्याच्या विवाह नोंदणी कचेरीत झालं. त्याआधी महिनाभर नोटीस फलकावर लटकत होती आणि महिनाभर गोपालला झोप नव्हती. मायाच्या घरचे दोघं पहिलवान गडी. त्यांनी तिला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, तो माणूस पुन्हा वरुडात दिसला तर त्याचं तंगडं तोडू आणि तुला खोलीत कोंडू. गोपालच्या शेंदूरजनाघाटच्या घरी सगळे शिकलेले, त्यामुळे तिथे तंगड्याचा विषय निघाला नाही. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं आणि त्याच्या चपला लपवल्या. शेवटी माया 'मोझरीला शिबिराला जाते' म्हणून निघाली ती थेट कचेरीत पोचली.

परत गेल्यावर घरी सांगायचं होतंच. पण आधी वाळवंट आणि समुद्र पाहायचा, मग तंगडं तुटलं तरी चालेल, असं मायाचं म्हणणं होतं.

"तंगडं माहं हाय," गोपालनं आठवण करून दिली होती.

"म्हून तं म्हणून राहिली."

आता मागे ती पोरगी होती. तिचा स्कार्फ अमरावतीच्या पद्धतीचा, डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलेलं आणि मागे गाठ. असा स्कार्फ स्कूटीवर ऊन आणि नातेवाईक या दोहोंपासून वाचायला बांधतात. एसी बसमध्ये ऊन नव्हतं.

सोबतचा गडी उंच, मानेवर वाघ गोंदवलेला. त्याच्या हातात कायम फोन, आणि फोनचा कॅमेरा कायम यांच्या दिशेनं.

वाळूच्या टेकड्यांवर घात झाला. उंट आधी मागच्या पायांवर उठला आणि माया ठरलेलं सगळं विसरली.

"अवो माय वो! पडली न मी!"

शेजारच्या उंटावरचा वाघवाला गर्रकन वळला. त्यानं फोन खिशात टाकला आणि स्कार्फवालीच्या कानाशी लागला.

उतरताना उंटवाल्यानं मायाला स्टूल लावलं. गोपालच्या कपाळावरून घामाची काळी रेघ ओघळली. तिनं ती घाईघाईनं रुमालानं टिपली. तेवढ्यात वाघवाला जवळ आलाच.

"आप लोग किधर के?"

"इंदूर," गोपाल म्हणाला. "और आप?"

"भोपाल. ऐसेच घूमने आये."

गोपालनं मायाला बाजूला ओढलं. असलं 'ऐसेच' भोपाळात पिकत नाही. ते वरूड-मोर्शीकडचं पीक.

मांडवीच्या रिसॉर्टवर खोल्या शेजारीशेजारी निघाल्या. सकाळच्या नाश्त्याला संत्री होती. स्कार्फवालीनं एक सोललं, स्कार्फ जरा खाली ओढून फोड नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून ताटलीत परत ठेवली. संत्र्याला अशी नाकं मुरडण्याची ऐपत जगात एकाच तालुक्याची.

"वरुडचीच हाय," माया पुटपुटली. "माह्या घरच्यायनंच पाठवलं यायले."

समोर समुद्र होता. दोघांनाही नंतर तो कोणत्या रंगाचा होता हे सांगता आलं नसतं.

दुपारी सगळी बस किनाऱ्यावर गेली. गोपालनं भुजपर्यंत टॅक्सी सांगितली आणि दोन मिनिटं पाठ टेकली. माया कपडे भरत होती. एकच साडी तिनं दोनदा बॅगेत घातली आणि दोनदा काढली.

"तुमी मांगच्या दारानं निंगा," ती म्हणाली. "माह्यावर हात टाकणार नाहीत थे. तुमाले मात्र सोडणार नाहीत."

"अन् तुले इथं ठेवू? मंग पळालो कायले?"

दार वाजलं.

गोपाल उठून बसला. दार पुन्हा वाजलं. आता मूठ आपटल्यासारखं.

गोपालनं टेबलावरच्या ग्लासाकडे हात नेला. ग्लासात बोटं घातली, क्षणभर मायाकडे पाठ केली. वळला तेव्हा जबडा घट्ट आवळलेला होता. त्यानं कडी काढली.

दारात वाघवाला होता. मागे पोरगी. तिचं तोंड आज पहिल्यांदाच पुरतं उघडं होतं आणि रडून सुजलं होतं. कुणाला काही कळायच्या आत वाघवाला खोलीत शिरला.

गोपाल मायाच्या पुढे आडवा झाला.

"जे काय करायचं थे माह्यासंग करा!" तो ओरडला. आता इंदूर राखण्यात अर्थ नव्हता. "हिले हात लावाचं काम नाही!"

वाघवाला गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गोपालचे दोन्ही पाय घट्ट धरले.

"मी कुलदीप. हे आचल. आमी चोरून लगन केलं जी. हिच्या बापानं तुमाले आमच्या मागावर पाठवलं, थे उंटावर आजी ओरडल्या तवाच समजलं आमाले. घरी फोन नका करू, आजोबा, पाया पडतो तुमच्या!" त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पन तुमाले तरी कसं सांगू? एवढ्या वयाच्या मानसाले काय समजन, घरून पळून आल्यावर जीव कसा मुठीत असते!"