बिनटपाची गाडी

"हिले टप कोठे शे?" बेबाबाईनं विचारलं.

अंगणात उभ्या असलेल्या त्या वस्तूला टप नव्हता, दारं नव्हती, पुढची काचसुद्धा नव्हती. मिलिटरीच्या एका जुन्या जीपचा सडलेला पत्रा कापून टाकला होता आणि त्या जागी धुळ्याच्या वेल्डरनं लोखंडी पाइपांचा पिंजरा उभा केला होता. चाकं तेवढी दांडगी.

"टप कसाले जोयजे?" तिचा नवरा जीवराम म्हणाला. "आपले शेतमा जानं शे."

शेतात जायला घरात दोन फटफट्या होत्या. एक जीवरामची, एक त्याचा धाकटा भाऊ पंडित याची. गिरणाकाठच्या काळ्या चिखलात त्या दर पावसाळ्यात आडव्या व्हायच्या आणि दोघे भाऊ माखलेले कपडे आणून बेबाबाईपुढे टाकायचे. या पोळ्याच्या आधी दोन्ही विकल्या. चार चाकांची गाडी येणार म्हटल्यावर बेबाबाईनं मनातल्या मनात तिच्यात बसून भडगावचा बाजार केला होता, भुसावळला बहिणीकडे दोन दिवस राहूनही आली होती. ही गाडी बाजारात नेली असती, तर लोक भाजी घ्यायची सोडून हिलाच बघत बसले असते.

"वहिनी, आबांचा सदरा बदला," पंडित म्हणाला. "त्यांना घेऊनच पहिली फेरी."

आबा म्हणजे तिचे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून खाट आणि ओसरी एवढंच त्यांचं जग. बैलगाडीत गादी घालून नेतो म्हटलं, तर आडवं होऊन शेतात जायला मी काय मढं आहे का, असं त्यांनी मोडक्या शब्दांत विचारलं होतं. एकदा मुलांनी त्यांना फटफटीवर मध्ये बसवलं. गावाच्या वेशीतच तिघं खाली. त्यानंतर तो विषय कोणी काढला नव्हता.

"डॉक्टरनी काय सांगेल शे? धक्का नको म्हनीसन," बेबाबाई म्हणाली.

"हळूच लई जाऊत," जीवराम म्हणाला.

या घरात हळू काही होत नाही, हे तिला पंधरा वर्षांपासून माहीत होतं. तरी तिनं सदरा बदलला, टोपी घातली. भावांनी आबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि तिच्याच जुन्या लुगड्यानं सीटच्या पाठीला बांधलं. तिला मागे, उघड्या पाइपावर बसायला सांगितलं. आबांची मान धरायची होती.

नाल्यापर्यंत गाडी बरी चालली. नाल्याच्या मधोमध बंद पडली.

जीवराम गिअर टाकत होता, पंडित दुसरा टाक म्हणत होता. दोघांचं जुंपलं. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत आलं होतं. आबा ताठ बसून समोर बघत होते, आणि बेबाबाईला वाटलं, आज हे दोघे बापाला इथेच संपवणार आणि वर ऐकायचं मला, की मान नीट धरली नाही.

"वहिनी, जरा उतरता का? धक्का द्यावा लागेल," पंडित म्हणाला.

ती उतरली. ओचा खोवून गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि दिराच्या शेजारी पाइपाला खांदा लावला. इंजिन एकदम पेटलं. मागच्या चाकानं भिरकावलेला चिखल तिच्या तोंडावर, केसात, गळ्यात. गाडी मात्र वर चढली आणि काठावर उभी राहिली.

"फटफटी ऱ्हाती ते आठेच आडवी पडती," जीवराम खुशीत म्हणाला.

"फटफटी ऱ्हाती ते मी घरच ऱ्हातू," बेबाबाई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत पायीच गाडीमागून निघाली.

ती पोचली तेव्हा गाडी केळीच्या बागेच्या तोंडाशी उभी होती. इंजिन बंद. मृगात लावलेली केळी आता छातीइतकी झाली होती. दोघे भाऊ खाली उतरून आबांकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी उतरली होती. आबांनी डाव्या हातानं पाइप घट्ट धरला होता. ओठ हलत होते, लाळ गळत होती, डोळे बागेवर लागले होते.

"कवयपासून काही बोली राहिनात," जीवराम हळूच म्हणाला. "समजत नई. तब्येत ते बरी शे ना?"

आबांचं बोलणं घरात तिला एकटीलाच कळायचं. बेबाबाईनं त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. तिनं दोनदा ऐकलं. मग त्यांचं तोंड पुसलं.

"तिसरी वळ वाकडी कोन लाई, इचारतस."

जीवरामनं तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. ओळ खरंच वाकडी होती. मधेच बांधाकडे सरकली होती.

"मीच लाई, आबा," तो म्हणाला.

आबांनी मान हलवली, जशी ते जीवरामच्या लग्नाच्याही आधी त्याच्या चुकांवर हलवायचे. पुन्हा ओठ हलले.

"आते काय म्हनतस?" जीवरामनं विचारलं.

"गाडी चालू करा म्हनतस. बठ्ठ्या, एकूनएक वळी पाहान्या शेतस."

चिखलाच्या पायांनी ती वर चढली आणि आबांची मान धरून बसली. ओळी एकशे चाळीस होत्या.