दोन तिकिटांच्या मावशी

"आज किती?" खिडकीतून दोन तिकिटं घेत मावशींनी विचारलं.

"अजून शंभरसुद्धा नाहीत," गेटमामा म्हणाले. "जरा ढग आले की झालं. लोकांना निमित्तच हवं असतं."

"बरंच आहे. माणसं कमी असली की आवाज पोचतो."

तळाच्या डिव्हिजनमधल्या त्या फुटबॉल क्लबात गर्दी आटली म्हणून खूश होणाऱ्या मावशी एकट्याच. गेटमामा मात्र गल्ला पुन्हा पुन्हा मोजून बघायचे. तिकिटं फाडायची, गेट सांभाळायचं, माईकवरून खेळाडूंची नावं पुकारायची आणि हाफटाइमला उपस्थिती जाहीर करायची, सगळं त्यांच्याच गळ्यात. आकडा सांगताना ते आवाज असा काही चढवत, की ऐकणाऱ्याने आजूबाजूला बघूच नये.

मावशी दर मॅचला दोन तिकिटं घेत. एका खुर्चीवर स्वतः बसत, शेजारच्या खुर्चीवर घडी घातलेला निळा स्वेटर ठेवत. नवऱ्याची आठवण असणार, असं गेटमामांनी आपलं ठरवून टाकलं होतं. विचारायचा धीर कधी झाला नाही. शिवाय दोन तिकिटं म्हणजे हिशेबात दोन माणसं, मग नसत्या चौकशा कशाला?

त्यांची जागा ठरलेली, आपल्या गोलकीपरच्या मागे. हाफटाइमनंतर बाजू बदलली की स्वेटर काखोटीला मारून त्याही पलीकडच्या टोकाला जात. मॅच सुरू होण्याआधी एक हाक ठरलेली, "आलेय हं मी, बाळा!"

सगळा स्टँड हसायचा. गोलकीपर मागे वळून न बघता एक हात वर करायचा.

पोरगा गुणाचा. पेनल्टी अडवण्यात तर वाघ. खोट एकच. समोरून कुणी एकटा बॉल घेऊन धावत आला, की याचे पाय जागेला खिळायचे. पुढे झेप म्हणून घ्यायचाच नाही. ओरडून ओरडून कोचचा घसा बसला, पण व्यर्थ. गेल्या महिन्यात मात्र कपच्या मॅचसाठी मोठा क्लब इथे आला, ग्राउंड तुडुंब भरलं, शिट्ट्या आणि भोंग्यांनी कानठळ्या बसल्या, आणि नेमका त्या दिवशी हा पठ्ठ्या दोनदा पुढे झेपावला. समोरच्याच्या पायातून अलगद बॉल काढून आणला! मावशी त्या दिवशी चहा अर्धा टाकून निघून गेल्या. या वयात गर्दी सोसत नाही, गेटमामा मनाशी म्हणाले.

त्या मॅचचीच पुण्याई, की आज वरच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबाचा माणूस मुद्दाम गोलकीपरला बघायला आला होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. आज खेळला तर पोराचं सोनं होणार होतं, आणि नाही खेळला तर तिशीला टेकलेल्या गोलकीपरला पुन्हा कोण विचारतो?

कपडे बदलून गोलकीपर खिडकीशी आला. "मामा, आज किती?"

"शंभराच्या वर जातील कसेबसे."

त्याचा चेहरा पडला. "तिकडे वीस हजार येतात म्हणे."

"जाशील रे तिकडे."

"एक काम कराल? आज त्यांना गोलमागे बसवू नका. लांब कुठेतरी बसवा."

"मावशींना? अरे, सख्खी आई करणार नाही एवढं करते ती बाई तुझ्यासाठी!"

"मामा, प्लीज. फक्त आज."

गेटमामांना रागच आला. अजून वर गेला नाही, तोवर जुनी माणसं नकोशी झाली! पण दिवस त्याचा होता. गोलमागच्या खुर्च्या मोडल्यात, अशी थाप मारून त्यांनी मावशींना मधल्या स्टँडमध्ये, आपल्या माईकच्या टेबलाशेजारी बसवलं.

"इथून नाही पोचणार हो माझा आवाज," मावशी म्हणाल्या. तरी त्यांनी हाक मारलीच. वाऱ्याने ती भलतीकडेच नेली. गोलकीपरचा हात वर झाला नाही.

आणि मग तो जो काही खेळला! मोकळा सुटल्यासारखा पुढे धावत होता, झेपावत होता, हसत होता. टोपीवाल्याने फोन काढून कुणाला तरी काहीतरी सांगितलं, तेही मान डोलावत. मावशी मांडीवरच्या स्वेटरवरून हात फिरवत होत्या. धुऊन धुऊन आखडला होता बिचारा, पोराटोराचा वाटावा इतका. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून गेटमामांना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या निष्ठेचं हे फळ?

हाफटाइम संपत आला. खेळाडू मैदानात उतरले, गोलकीपर आपल्या जागी जाऊन उभा राहिला. गेटमामांनी उपस्थिती पुकारली, नेहमीसारखाच आवाज चढवून. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी माईक मावशींपुढे धरला.

"आवाज पोचत नाही ना? घ्या. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल."

"खरंच बोलू?" मावशींनी डोळे पुसले.

"मनात असेल ते बोला, मावशी."

"आलेय हं मी, बाळा."

सगळा स्टँड हसला. टाळ्या पडल्या. टोपीवालासुद्धा कौतुकाने वळून बघू लागला. तिकडे गोलकीपर दोन्ही हात हलवून नको, नको म्हणत होता. लाजतोय लेकाचा, गेटमामांना वाटलं.

"शाळेच्या त्या मॅचलाही अशीच मोजकी माणसं होती," मावशी शांतपणे म्हणाल्या. "मी गोलमागेच बसले होते. म्हणून तर, बाळा, पुढे झेपावून माझ्या मुलाच्या मानेवर गुडघा घालायच्या आधी तू काय म्हणालास, ते मला स्पष्ट ऐकू आलं."