सदूचा शेवट

"शेवटच्या प्रकरणात मोठा धक्का आहे, सर," असं म्हणत निनादने नवी प्रत उघडली. अर्धांगवायूने मोरेश्वररावांची वाचा गेल्यावर प्रकाशकाने त्यांची हेरकथामाला या तरुण लेखकाकडे सोपवली होती.

निनाद रंगून वाचत गेला. खुनी निघाला सदू, हेराचा जुना मदतनीस.

मोरेश्वररावांच्या घशातून घोगरा आवाज आला.

"आवडलं सरांना!" निनाद खूश झाला.

त्यांच्या पत्नीला, इंदुमतीबाईंना मात्र कळलं. सदू म्हणजे मोरेश्वररावांचा धाकटा भाऊ. तो विशीतच टायफॉइडने गेला होता. पुढे बत्तीस पुस्तकांत त्यांनी त्याला हसताबोलता ठेवला होता.

"शेवट बदलता नाही का येणार?" त्यांनी विचारलं.

"आता कसा, काकू? पुस्तक दुकानांत पोचलंसुद्धा."

निघताना निनाद पाया पडायला वाकला. आशीर्वादासाठी इंदुमतीबाई नवऱ्याचा हात उचलायला गेल्या, तर त्या बोटांनी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती. काही केल्या सुटेना. निनाद वाकूनच थांबला होता.

शेवटी इंदुमतीबाईंनी आपलाच हात त्याच्या डोक्यावर ठेवला.