सप्टेंबरचा आकडा

टेबलावर चार वस्तू होत्या: मास्क, छातीचं कवच, झेलायचा हातमोजा आणि अडवायचा हातमोजा. पायांवरचे जाड पॅड गोलरक्षक लॉर्न हुडिमानं सोडले नव्हते. मास्कवर पकच्या, आइस हॉकीतल्या त्या कडक रबरी चकतीच्या, जुन्या काळ्या खुणा सदतीस होत्या. अडतिसावी खूण नव्हती, तडा होता. डाव्या डोळ्याच्या वरून निघून कानाकडे गेलेला, सात सेंटिमीटर.

संघाची फिजिओ नदीन बोशाँ हिनं तो पट्टीनं मोजला आणि मास्क बाजूला सरकवला. सामन्याचा पहिला भाग संपायला चाळीस सेकंद असताना तो पक लॉर्नच्या कपाळावर आदळला होता. लॉर्न पडला नव्हता. पण शिट्टी झाल्यावर चुकून समोरच्या संघाच्या बाकाकडे निघाला होता.

"प्रेक्षकांना हसवत होतो," लॉर्न म्हणाला.

"हसलं कोणीच नाही."

"या गावात विनोद कळतो कुणाला, डॉक्टरीणबाई?"

"मी डॉक्टर नाही. सात वर्षं सांगतेय. डोळे इकडे कर."

खोली कपडे वाळवायची होती. यंत्र बंद केलं होतं. चाचणीला शांतता लागते. भिंतीपलीकडे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरत होती. मध्यंतराची अकरा मिनिटं उरली होती.

लॉर्न तेहेतीस वर्षांचा होता. मोठ्या लीगमधल्या संघाच्या गोलरक्षकाचा गुडघा काल गेला होता, आणि उद्या सकाळच्या विमानानं इथून एक गोलरक्षक वर जाणार होता. लॉर्न किंवा टीग. कुणाला न्यायचं हे ठरवणारा माणूस आत्ता वर, सातव्या रांगेत बसून कॉफी पीत होता. आणि टीग एकवीस वर्षांचा होता.

"दहा शब्द सांगते," नदीन म्हणाली. "ऐकून परत सांगायचे. क्रम कसाही चालेल."

"माहीत आहे गं."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. सप्टेंबरमध्ये, सरावाच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाची हीच चाचणी होते. डोकं ठणठणीत असताना किती शब्द आठवतात, तो आकडा कागदावर चढतो. पुढे डोक्याला मार बसला की नवा आकडा त्याच्या शेजारी ठेवतात. खाली गेला तर घरी. बरोबरीचा असला तर बर्फावर. म्हणून जुने खेळाडू नव्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात: सप्टेंबरमध्ये फार शहाणपणा दाखवू नकोस.

लॉर्ननं सप्टेंबरमध्ये चार शब्द सांगितले होते. मग कागदावर सही झाल्यावर, बाहेरच्या बोळात, नदीनच्या कानाशी वाकून दहाच्या दहा म्हणून दाखवले होते. पाढ्यासारखे. नंतर उलटे. ती हसली होती. कागद तिच्या हातातच होता.

आता ती हसत नव्हती. एका सेकंदाला एक, अशा गतीनं तिनं वाचलं.

"दोरी. लोणी. पूल. अस्वल. खिळा. चादर. मेणबत्ती. घंटा. डबा. टोपी."

"दोरी," लॉर्न म्हणाला. "लोणी. टोपी." अंगठा एकेका बोटावर टेकवत तो पुढे गेला. "घंटा."

करंगळीवर अंगठा थांबला. नदीननं वाट पाहिली. पलीकडे गाडीचा आवाज थांबला.

"हं, पुढे."

तो छताकडे बघत होता. ओठ हलत होते.

"लॉर्न, आज ती सोंगं नकोत. इथे दुसरं कोणी नाही. जेवढे आठवतात तेवढे सगळे सांग."

"सांगतोय."

"तसे नाही. खरे."

"खरेच सांगतोय, नदीन."

त्यानं पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. दोरी, लोणी, टोपी, घंटा. परत करंगळी. मग त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "बाकीचे काय होते?"

नदीननं पेन खाली ठेवलं. "मी प्रशिक्षकांना सांगते. टीगला गोलात उभं करू देत."

"काय सांगशील?"

"की सप्टेंबरमध्ये तुला दहा येत होते."

"आणि तू चार लिहिलेस."

लॉर्ननं कवच अंगावर चढवलं. डावीकडचा पट्टा त्याला दोनदा सापडला नाही, तिसऱ्यांदा सापडला.

दार उघडलं. प्रशिक्षक मॅकेल्वी आत आला नाही, नुसतं डोकं घातलं. "नदीन, तीन मिनिटं आहेत. कोण उभा राहतोय? हुडी की पोरगा?"

"सर, सप्टेंबरमध्ये ह्याला खरं तर..."

"खरं तर काय?"

लॉर्ननं कपाटातून जादा मास्क काढला. त्यावर एकही खूण नव्हती. "खरं तर काही नाही," तो म्हणाला. "कागद वाच ना, नदीन."

"अगं, आकडा सांग मला," मॅकेल्वी म्हणाला. "गोष्ट नको. वर तो माणूस घड्याळ बघत बसलाय."

नदीननं कागद हातात घेतला. खालच्या ओळीवर तिची स्वतःची सही होती, सप्टेंबरची. तिनं पेन उचललं, रिकाम्या चौकटीत आजचा आकडा भरला आणि मोठ्यानं वाचलं.

"सप्टेंबर, दहापैकी चार. आज, दहापैकी चार."