दोघांपैकी एक

दुपारी बारा वाजून बावन्न मिनिटांनी नाव जाहीर झालं. जमारी टॉलिव्हर, रिसीव्हर, चौथी फेरी. ऑल्डरटनच्या अग्निशमन स्वयंसेवकांच्या हॉलमध्ये तेव्हा टीव्हीसमोर एकोणीस माणसं होती. क्षणभर कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी आधी लायल बेडनारकडे पाहिलं.

जमारी गावचाच होता. लायलचा मुलगा नेटही गावचाच, आणि तोही रिसीव्हर. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा, हेच दोघांचं काम. शाळेच्या मैदानाच्या एका कडेने हा धावायचा, दुसऱ्या कडेने तो. पुढे दोघं एकाच कॉलेजात गेले. कॉलेजच्या मुलांना मोठे संघ निवडून घेतात त्या तीन दिवसांतला आजचा शेवटचा दिवस होता. ज्या संघासाठी हे गाव तीन पिढ्या घसा बसवून घेत आलं, त्याने जमारीला घेतलं होतं. नेट चार रस्ते पलीकडे, आपल्या नावाची वाट बघत आईजवळ बसला होता. लायलला घरात बसवत नव्हतं. तो अकरापासून हॉलवर होता.

मग टाळ्या पडल्या आणि वाद सुरू झाला. निवृत्त पोस्टमन वॉल्टचं म्हणणं, संघाला उंच माणूस हवाच होता. तीन वर्षं बुटक्यांच्या डोक्यावरून चेंडू जाताना बघून त्याची मान आखडली होती. मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, उंची काय चाटायचीय, घड्याळ बघा, नेट वेगात सरस आहे. गावचाच पोरगा घ्यायचा होता तर नेट का नको? दोन बाजू पडल्या. लायल समोर असल्यामुळे नेटची बाजू जरा जास्त मोठ्याने बोलत होती.

शेवटी वॉल्टने विचारलं, कोच, तुम्ही सांगा. हॉलमध्ये असा वाद नेहमी इथेच येऊन थांबायचा. लायल तेवीस वर्षं शाळेचा कोच होता. मोठ्या संघांची माणसं खेळाडू पारखायला निघाली की शाळेच्या कोचला फोन करतात, आणि बहुतेक कोच आपल्या पोरांची वारेमाप स्तुती करतात. लायल करत नसे. म्हणून त्याला फोन येत.

लायलने सांगायला सुरुवात केली. जमारीची पहिली तीन पावलं जड पडतात. डाव्या खांद्यावरून येणारा चेंडू त्याला उशिरा दिसतो. कोणी अंगावर येतंय हे कळलं की तो हात आखडता घेतो. शाळेच्या शेवटच्या वर्षी एकाच सामन्यात त्याने दोन झेल सोडले होते. लायलला तारीखही पाठ होती. तो थांबेना. माणसं आधी मान डोलवत होती. हळूहळू ती बिअरच्या ग्लासात बघू लागली.

टीव्हीवर टॉलिव्हरांची बैठकीची खोली दाखवली. जमारी फोन कानाला लावून उभा होता. त्याचा बाप रेनार्ड सोफ्यावर, संघाची नवी टोपी घालून, हमसून रडत होता.

"चार वर्षांत हा माणूस एका सरावाला आला नाही," लायल म्हणाला. "आणि आज टोपी घालून बसलाय."

काउंटरमागे हॉलचं स्वयंपाकघर सांभाळणारी बर्नडेट पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांची, पिठाळलेली परात पुसत होती. तिने मान वर केली नाही. "मी अजून तवासुद्धा तापवलेला नाही, कोच," ती म्हणाली. "मग हा जळका वास कुठून येतोय?"

दोघंतिघं हसले. लायल हसला नाही.

पावणेदोनला नेट आत आला. तो जमारीकडे जाऊन, त्याला मिठी मारून आला होता. वॉल्टने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. नेट बसला नाही. बापासमोर उभा राहिला.

संघाच्या माणसाने फोनवर जमारीला एक गोष्ट सांगितली होती, असं नेट म्हणाला. तुम्हा दोघांत तराजू शेवटपर्यंत समान होता. तुझ्या शाळेच्या कोचच्या शब्दावर तो झुकला.

टीव्हीवर जाहिरात चालू होती. बर्नडेटने आवाज कमी केला.

"माझ्याबद्दलही विचारलं होतं त्यांनी?" नेटने विचारलं.

"विचारलं होतं," लायल म्हणाला. "फेब्रुवारीत. जागा एकच आहे म्हणाले. दोघांपैकी कोण, ते सांगा म्हणाले."

"मग?"

"जमारी म्हणालो."

"तो चांगलाच आहे," नेट म्हणाला आणि लायलच्या शेजारची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसला. लायल टीव्हीकडे बघत राहिला. तिथे पुन्हा तीच खोली दाखवत होते, तोच सोफा आणि तोच रडणारा बाप.

पाचवी फेरी झाली. हॉलमध्ये वाद घालायला कोणी उरलं नव्हतं, पण घरीही कोणी गेलं नाही. बर्नडेटने पिरोगी वाढले. नेटने खाल्ले, लायलने नाही.

चार वाजून अठरा मिनिटांनी, सहाव्या फेरीत, त्याच संघाने आणखी एक रिसीव्हर घेतला. तो नेट नव्हता, दूरच्या ऑरेगॉनचा कोणी पोरगा होता.